रास्त भाव, पण फळा कुठे आहे?

मोबाइल घेतला की दुकानदार पावती फाडतो. तिच्यावर फोनची किंमत असते, १८ टक्के जीएसटी असतो, आयएमईआय क्रमांक असतो. त्या किमतीत आणखी एक रक्कम मुरलेली असते, ती मात्र पावतीवर कुठेच नसते. ती स्टॉकहोमला जाते, फिनलंडमधल्या एस्पोला जाते, सॅन डिएगोला जाते, शेन्झेनला जाते. एरिक्सन, नोकिया, क्वालकॉम, हुआवे यांच्या पेटंटांची ही रॉयल्टी.

ती द्यावी लागते याबद्दल माझी तक्रार नाही. रेडिओ लहरींवरून आवाज आणि चित्रं पाठवण्याची विद्या कुणीतरी वर्षानुवर्षं डोकं झिजवून आणि पैसा ओतून उभी केली. तिचा मोबदला त्याला मिळायला हवा. माझं म्हणणं दराबद्दल आहे. हा दर एका जाहीर वचनाला बांधलेला आहे आणि ते वचन पाळलं जातंय का, हे तपासण्याची सोय आपल्या कायद्याने नागरिकाला ठेवलेली नाही. थोडी होती, तीही गेल्या काही वर्षांत काढून घेतली.

१. वचन नेमकं काय होतं

कोल्हापुरात घेतलेला फोन कोपनहेगनमध्ये चालतो, कारण दोन्हीकडचे मनोरे आणि फोन एकच भाषा बोलतात. ही भाषा, म्हणजे मानक, ठरवायला १९९८ साली थ्रीजीपीपी ही संघटनांची संघटना उभी राहिली. बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांचे अभियंते तिथे एका टेबलाभोवती बसतात, प्रस्ताव मांडतात, भांडतात आणि एका मसुद्यावर येतात. मसुद्यात ज्याची युक्ती गेली त्याच्या पेटंटाला वळसा घालून फोन बनवता येत नाही. रस्ता एकच आणि त्यावर टोलनाका.

नाकेवाल्याने मनाला येईल तो टोल घेऊ नये म्हणून युरोपीय मानक संस्थेने, फ्रान्सच्या दक्षिणेला सोफिया अँटिपोलिसला मुख्यालय असलेल्या एत्सीने, १९९४ मध्ये नियम केला. ज्याचं पेटंट मानकात येईल त्याने लेखी द्यायचं, की मी परवाना रास्त, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर देईन. या धंद्यात त्याला ‘फ्रँड’ म्हणतात.

आता ‘रास्त’ हा शब्द आपल्याला शिकवायला नको. आपल्याकडे रास्त भाव दुकान असतं. तिथला गहू कसा असतो, दुकान उघडं कधी असतं, यावर हवं तेवढं बोलता येईल. पण दुकानाबाहेर फळा असतो, त्यावर भाव लिहिलेला असतो, आणि रांगेतली बाई त्याकडे बोट दाखवून दुकानदाराशी भांडू शकते. फ्रँडच्या दुकानाला फळा नाही.

२. रुमालाखालची बोटं

बैलबाजारात किंवा फळांच्या घाऊक बाजारात हत्ता पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. विकणारा आणि घेणारा एकमेकांचे हात रुमालाखाली धरतात आणि बोटं दाबून सौदा ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला चेहरे दिसतात, भाव दिसत नाही. कोकणातल्या बागायतदारांची हापूसच्या सौद्यांबद्दलची जुनी तक्रार हीच. म्हणूनच बाजार समितीत उघड लिलाव हवा, असा आग्रह आपल्याकडे धरला जातो.

पेटंटाचा सौदाही असाच होतो. पेटंटधारकाचं पत्र येतं: तुम्ही आमची पेटंटं वापरता, परवाना घ्या. युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये हुआवे विरुद्ध झेडटीई खटल्यात या बोलण्यांचा क्रम घालून दिला. आधी पेटंटधारकाची नोटीस, मग समोरच्याने तयारी दाखवायची, मग लेखी प्रस्ताव, मग प्रतिप्रस्ताव. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात पहिला कागद बहुतेक वेळा गोपनीयतेच्या कराराचा असतो. मायक्रोमॅक्स आणि इंटेक्स या भारतीय कंपन्यांनी एरिक्सनविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे ज्या तक्रारी नेल्या, त्यांत गोपनीयतेच्या अटीबद्दलचं गाऱ्हाणं होतं.

भेदभाव नाही हे कळायला इतरांना काय भाव लावला ते दिसावं लागतं. तेच झाकलेलं असेल तर वचनातला तिसरा शब्द उरतो कुठे?

३. साटेलोटे

मोठ्या कंपन्यांमधली बोलणी वेगळीच असतात. दोघांकडेही पेटंटं असतात. तू माझी वापर, मी तुझी वापरतो, आणि पारडं ज्याच्याकडे झुकेल त्याला वरची रक्कम रोख. आपल्या लग्नांतलं साटेलोटेच हे. जानेवारी २०१४ मध्ये एरिक्सन आणि सॅमसंग यांचं भांडण असंच मिटलं आणि एरिक्सनने त्या सौद्यातून सुरुवातीची ६५ कोटी डॉलरची रक्कम जाहीर केली. ॲपल आणि क्वालकॉम तर जानेवारी २०१७ पासून जगभर एकमेकांवर खटले भरत होते. १६ एप्रिल २०१९ला कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात सुनावणीची सुरुवातीची भाषणं चालू असतानाच त्यांनी हात मिळवले.

भारतीय फोन कंपनीच्या घरात बदल्यात देण्यासारखं काही नसतं. तिला सगळा हुंडा रोख मोजावा लागतो. हे अन्याय्य आहे असं मी म्हणत नाही. ज्याने संशोधन केलं नाही त्याने पैसे द्यावेत. पण साटेलोट्यातला भाव आणि रोखीतला भाव यांत फरक किती आणि तो कुठल्या हिशेबाने, हे कुणाला तरी तपासता यायला हवं.

४. रुमाल उचलला की काय दिसतं

कधीकधी न्यायालय रुमाल उचलतं. तेव्हा जे दिसतं त्यावरूनच माझा फळ्याचा आग्रह पक्का झाला.

मोटोरोलाने मायक्रोसॉफ्टकडे एक्सबॉक्सच्या विक्री किमतीवर २.२५ टक्के मागितले होते. सिएटलचे न्यायाधीश जेम्स रोबार्ट यांनी एप्रिल २०१३ मध्ये दोनशेहून अधिक पानांचा निकाल दिला आणि दर सेंटांत सांगितला. वायफायच्या पेटंटांसाठी नगामागे ३.४७१ सेंट, चित्रफितीच्या मानकासाठी ०.५५५ सेंट. मोटोरोलाच्या मागणीने वर्षाला काही अब्ज डॉलर झाले असते. न्यायालयाच्या हिशेबाने ते वीस लाख डॉलरच्या आत बसले.

लंडनमध्ये इंटरडिजिटल आणि लेनोव्हो भांडले. इंटरडिजिटल नगामागे ४९.८ सेंट मागत होती, लेनोव्हो १६ देत होती. मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने १७.५ ठरवले, वरच्या न्यायालयाने २०२४ मध्ये २२.५ केले. आकड्यांपेक्षा मला त्या निकालातलं एक निरीक्षण मोलाचं वाटतं. कंपनी मोठ्या गिऱ्हाइकांना जी घाऊक सूट देत होती तिचा मुख्य उपयोग जाहीर दर शाबूत दिसावा हा होता, असं न्यायाधीशांना आढळलं. म्हणजे दारावरची पाटी एका भावाची, आत मोठ्यांना दुसरा, आणि पाटीवरचा भाव खरा मानून चालायचं ते लहान गिऱ्हाइकाने.

तरीही न्यायालय म्हणजे तराजू असं समजू नका. ऑप्टिस ही फोन न बनवणारी, इतरांची पेटंटं विकत घेऊन बाळगणारी कंपनी. ॲपलने तिला किती द्यावे, याचं उत्तर लंडनच्या उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ५.६४ कोटी डॉलर असं काढलं. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तीच रक्कम ५०.२ कोटी केली. त्याच पेटंटांची किंमत दोन वर्षांत जवळजवळ नऊपट! दोन्ही न्यायासनांवर विद्वान माणसं बसली होती. त्यांच्यासमोर तुलनेला होते मूठभर करार, तेही गोपनीय, प्रत्येकाच्या अटी वेगळ्या.

संशोधकांची अवस्था याहून बरी नाही. २०१४ मधल्या एका अभ्यासाने ४०० डॉलरच्या फोनवर सगळ्या रॉयल्टींची बेरीज १२० डॉलरच्या वर जाऊ शकते, असा हिशेब मांडला. त्याच्या लेखकांत इंटेलच्या वकील होत्या, हे लक्षात ठेवलेलं बरं. नंतर स्टॅनफर्डच्या हूवर संस्थेशी जोडलेल्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष वसुली मोजली, ती फोनच्या किमतीच्या जेमतेम साडेतीन टक्क्यांपर्यंत आली. एक म्हणतो तीस टक्के, दुसरा म्हणतो साडेतीन. यादीवरचा भाव आणि हातात पडलेला भाव यांत एवढी दरी असू शकते. आणि धोरण ठरवणारा अधिकारी आपल्या कलाप्रमाणे यांपैकी एक आकडा उचलू शकतो.

५. टक्का कशाचा?

इथे मला आपल्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. रॉयल्टी पूर्ण फोनच्या किमतीवर न लावता आतल्या चिपच्या किमतीवर लावावी, हा फोन बनवणाऱ्यांचा लाडका युक्तिवाद. कॅमेरा चांगला दिला, काच महाग लावली, त्यात लहरींच्या पेटंटवाल्याचं काय कर्तृत्व? युक्तिवादात दम आहे. चीनच्या नियामकाने २०१५ मध्ये क्वालकॉमला ९७.५ कोटी डॉलर दंड ठोठावला, तेव्हा चीनमध्ये विकलेल्या फोनांसाठी रॉयल्टी विक्री किमतीच्या ६५ टक्के रकमेवरच मोजायची असं ठरलं.

पण भारतातल्या गिऱ्हाइकाने आकडे मांडून पाहावेत. दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सन आणि लावा या फोन कंपनीच्या प्रकरणात १.०५ टक्के दर धरला, तोही पूर्ण फोनच्या किमतीवर. त्या दराने आठ हजारांच्या फोनवर ८४ रुपये होतात, लाखाच्या फोनवर १,०५० रुपये. आता नगावर ठरवलेले दर घ्या. एरिक्सनने पाच-जीसाठी नगामागे पाच डॉलर जाहीर केले, स्वस्त फोनांसाठी अडीचपर्यंत खाली येण्याची तयारी दाखवली. शंभर डॉलरच्या फोनवर अडीच डॉलर म्हणजे अडीच टक्के. हजार डॉलरच्या फोनवर पाच डॉलर म्हणजे अर्धा टक्का. क्वालकॉमचा दर ३.२५ टक्के, पण फोनची किंमत ४०० डॉलरपर्यंतच मोजली जाते, म्हणजे फार तर १३ डॉलर. स्वस्त फोनवाला ३.२५ टक्के भरतो, हजार डॉलरवाला १.३.

टक्केवारीत श्रीमंताचा फोन गरिबाच्या फोनला थोडा सांभाळून घेतो. नगावरच्या दरात उलट होतं, आणि चिपवर लावलेला दर नगावरच्या दराच्याच जवळ जातो. ज्या देशात मोठ्या संख्येने लोक दहा-बारा हजारांचा फोन घेतात, तिथे परदेशी कंपन्यांच्या वकिलांचा चिपचा युक्तिवाद डोळे झाकून उचलण्याआधी हा हिशेब करायला हवा. तो मी अर्धवटच केला आहे, कारण माझ्याकडे जाहीर दर आहेत, खरे दर नाहीत.

६. आणखी एक छोटी गोष्ट. कुठलं पेटंट मानकासाठी अत्यावश्यक, हे पेटंटधारक स्वतःच जाहीर करतो; एत्सी ते तपासत नाही. २००५ मध्ये दोन अमेरिकी अभ्यासकांनी तीन-जीची जाहीर पेटंटं तज्ज्ञांकडून तपासून घेतली, तेव्हा जेमतेम पाचातलं एक खरोखर अत्यावश्यक निघालं. लावा खटल्यात तपासलेल्या आठांपैकी एक पेटंट न्यायालयाने रद्दच केलं.

७. दिल्लीची अकरा वर्षं

मार्च २०१३ मध्ये एरिक्सनने मायक्रोमॅक्सवर शंभर कोटींचा दावा लावला. तिथून पुढे इंटेक्स, लावा, शाओमी अशी रांग लागली. लावाचा निकाल मार्च २०२४ मध्ये आला: सुमारे २४४ कोटी रुपये भरपाई. या कंपन्यांच्या ऐन उमेदीची वर्षं कज्ज्यात गेली. त्या रॉयल्टीमुळेच बुडाल्या असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चिनी फोनांची लाट आली तेव्हा स्वतःचं असं त्यांच्याकडे फार थोडं होतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. एरिक्सनने लावाशी बोलणी २०११ मध्ये सुरू केली होती. वापर करायचा, पत्रांना उत्तरं द्यायची, बैठका लावायच्या आणि पैसे द्यायचे नाहीत, हाही या धंद्यातला एक डाव आहे. तेरा वर्षांनी मिळालेल्या पैशांची किंमत कुणीही सावकार सांगेल. त्यामुळे दिल्ली उच्च न्यायालय आता खटला चालू असतानाच रक्कम भरायला लावतं. जुलै २०२३ मध्ये ओप्पोला नोकियाच्या दाव्यात असाच आदेश झाला. २०१८च्या जुन्या करारात जी रक्कम शेवटची दिली होती तिच्या २३ टक्के, कारण ओप्पोच्या विक्रीतला भारताचा वाटा तेवढा. आदेश समंजस आहे. मात्र ती शेवटची रक्कम किती होती, हे बाहेरच्या माणसाला माहीत नाही.

८. यात सरकारी तिजोरीही आहे. २०२०च्या उत्पादन प्रोत्साहन योजनेत भारतात फोन बनवणाऱ्यांना वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के द्यायचं ठरलं. तरतूद सुमारे ४१ हजार कोटींची. करदात्याचा पैसा एका हाताने कारखान्यात जातो आणि त्यातला किती दुसऱ्या हाताने रॉयल्टी म्हणून बाहेर जातो, हा प्रश्न लेखापरीक्षकाला पडायला हवा.

९. पहारा कुणाचा?

स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०१३ मध्ये एरिक्सनच्या चौकशीचा आदेश दिला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी आयोगाला तो अधिकार आहे असं म्हटलं, जुलै २०२३ मध्ये खंडपीठाने नाही म्हटलं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचं अपील फेटाळलं. खंडपीठाचं म्हणणं असं, की पेटंट कायदा स्वतःच पुरेसा आहे. अवाजवी अटींची दखल घ्यायला तिथे पेटंट नियंत्रक आहेत.

ठीक आहे. मग नियंत्रकांकडेच जाऊ. महानियंत्रकांचं मुंबईतलं कार्यालय अँटॉप हिलला आहे. महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी ९ मार्च २०१२ला बायरच्या कर्करोगावरच्या औषधासाठी नॅटकोला सक्तीचा परवाना दिला होता. महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचं औषध ८,८८० रुपयांवर आलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो निर्णय उचलून धरला. त्या आदेशात रॉयल्टीचा दर चारचौघांत लिहिलेला होता: ६ टक्के, जो अपिलात ७ झाला. आजही कुणीही तो वाचू शकतो.

फोनच्या पेटंटांबाबत त्याच नियंत्रकांच्या हाती काय आहे? कलम १४६ खाली पेटंट भारतात वापरलं जातं का, याची माहिती मागण्याचा आणि ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार आहे. त्यासाठीचा नमुना २७ पूर्वी दरवर्षी भरावा लागे आणि त्यात वर्षभरात कुणाला परवाने दिले, हेही विचारलेलं असे. लोक तो धड भरत नाहीत, म्हणून कायद्याचे अभ्यासक शामनाद बशीर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका लावली. पुढे झालं भलतंच. २०२०च्या दुरुस्तीत परवान्यांचा रकाना गेला. २०२४च्या दुरुस्तीत मिळकतीचा आकडाही गेला आणि दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा खुणा करायच्या उरल्या. गळकं छप्पर दुरुस्त करायला सांगितलं तर गवंड्याने खिडकीच बुजवली, अशातली गत.

शिवाय कलम ६९ आहे. परवाना नोंदवताना पेटंटधारकाने किंवा परवानाधारकाने विनंती केली, की त्याच्या अटी न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणाला दाखवायच्या नाहीत, अशी व्यवस्था नियंत्रकाने करायची. रुमाल सरकारी आहे.

माझी मागणी या दोन कलमांपुरती आहे. ज्या पेटंटांबाबत धारकाने स्वतःहून फ्रँडचं वचन दिलं आहे, त्यांना कलम ६९चा पडदा मिळू नये. भारतातल्या विक्रीसाठी रॉयल्टी घ्यायची असेल तर दर, तो कशावर मोजला, मुदत किती आणि साटेलोटे असल्यास वरची रक्कम, एवढे चार रकाने नमुना २७ मध्ये परत यावेत; आणि करार होऊन तीन वर्षं उलटली की नियंत्रकाने ते प्रसिद्ध करावेत. ज्यांनी असं वचन दिलेलं नाही, त्यांच्या गुपितांना हात लावायचं कारण नाही.

१०. जे म्हणतील, त्यांच्यासाठी

म्हणतील, की दर उघडे झाले तर सगळे सर्वांत खालचा भाव मागतील आणि मग कुणीच कुणाला सूट देणार नाही. ही हरकत खरी आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये अनवायर्ड प्लॅनेट खटल्यात सांगितलं, की भेदभावरहित याचा अर्थ प्रत्येकाला सर्वांत स्वस्त करार मिळालाच पाहिजे असा होत नाही. मान्य. पहिल्या दिवशी धोका पत्करून परवाना घेणाऱ्याला सूट मिळावी. दहा वर्षं पळून जाणाऱ्याला मिळू नये. पण मग सूट कशासाठी, हे लिहिता आलं पाहिजे. तीन वर्षांची मुदत मी म्हणूनच घातली आहे.

म्हणतील, की युरोपला हे जमलं नाही. खरंच नाही जमलं. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये अशा पेटंटांची नोंदवही, तपासणी आणि एकूण रॉयल्टीचा अंदाज यांचा कायदा आणू पाहिला आणि २०२५ मध्ये मागे घेतला. पण एरिक्सन आणि नोकिया युरोपच्या आहेत. तिथे दुकानदारही घरचा आणि गिऱ्हाईकही घरचं.

११. आणि आपण दुकान टाकलं तर

आयआयटी हैदराबाद आणि आयआयटी मद्रासमधल्या मंडळींनी खेड्यापाड्यांत मनोरे विरळ असतात हे ध्यानात घेऊन पाच-जीचा एक भारतीय प्रकार मांडला. त्यातलं सार पुढे जागतिक मानकात मिसळलं गेलं. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने सहा-जीचं धोरण जाहीर केलं. जगातल्या सहा-जी पेटंटांपैकी दहा टक्के भारताची असावीत असं उद्दिष्ट आता बोललं जातं. ते साधलं तर टोलनाक्यावर आपलीही माणसं बसतील आणि कलम ६९चा रुमाल त्यांनाही हवासा वाटेल. तेव्हा भारतीय कंपन्यांचे वकील दिल्लीत उभे राहून गोपनीयतेचं महत्त्व सांगतील, आणि ते ऐकायला आपल्याला आवडेलही. सहा-जीचं मानक अजून लिहिलं जात आहे. नमुना २७ मध्ये चार रकाने घालायला तेवढाच वेळ आहे.